दीपरक्षकाचें बिऱ्हाड

अंबाजोगाईच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घरांत लहानथोर अकरा माणसें. थोरल्या जाऊबाईंच्या मुलानें कोठेंसें वाचलें कीं, विलायतेंत जुन्या दीपगृहांच्या राखणदारांचीं घरें सुटीच्या दिवसांत कुटुंबांना भाड्यानें राहावयास मिळतात. आणि तेव्हांपासून आपणही तसेंच कोठेंतरी जावयाचें, असा धोशा मुलांनीं लावला आहे. बाईंनीं तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा प्रकार काय आहे. आपल्या किनाऱ्यावर तो मिळतो काय. आणि आजेसासूबाईंच्या सोवळ्याची तेथें सोय कशी व्हावी. हा तिसरा प्रश्न पत्राच्या अगदीं शेवटीं, समासांत, बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. आजेसासूबाईंचें वय ब्याऐंशी असून त्यांनीं अद्याप समुद्र पाहिलेला नाहीं, हेंही तेथेंच लिहिलें आहे.

बीड जिल्ह्यांतील घराला समुद्राचें अप्रूप असावें यांत नवल नाहीं. पश्चिमेचा किनारा गांठावयाचा म्हणजे सारें पठार ओलांडून सह्याद्रीचा घाट उतरणें आलें. तरी अंबाजोगाईचा आणि कोंकणाचा संबंध जुना आहे. योगेश्वरी ही कित्येक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. तिची ओटी भरावयास समुद्रकांठची मंडळी पिढ्यानपिढ्या घाट चढून येत आलेली आहे. कोंकण अंबाजोगाईस जितकें आलें, तितकी अंबाजोगाई कांहीं कोंकणांत गेली नाहीं. आतां ती जाऊं म्हणते, तर तिला नीट वाट दाखविणें आमचें काम आहे.

दीपगृह म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच मनोरा उभा राहतो. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं जाड भिंतींचें, लहान खिडक्यांचें एक बैठें घर असतें, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. दिवा तेलावर जळत होता त्या काळीं तो जळत ठेवणें हें रात्रभर जागणाऱ्या माणसाचें काम होतें. वाती कातरावयाच्या, तेल वर चढवावयाचें, कांचेवरची काजळी पुसावयाची. १८२२ सालीं ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें कांचेच्या कड्यांचें एक विलक्षण भिंग तयार केलें, तेव्हांपासून एका ज्योतीचा उजेड पुष्कळ मैलांवर फेंकतां येऊं लागला. पुढें हें भिंग फिरतें ठेवण्याकरितां घड्याळासारखें यंत्र बसविण्यांत येई, व त्याचें वजन मनोऱ्याच्या पोकळींतून हळूहळू खालीं उतरत असे. तें तळाशीं पोंचण्यापूर्वीं हातानें पुन्हां वर गुंडाळून घेतलें नाहीं, तर भिंग थांबावयाचें, आणि समोरचा दिवा कोणता हें खलाशाला ओळखूं येईनासें व्हावयाचें. कारण प्रत्येक दीपगृहाची उघडझांप ठराविक, आणि शेजारच्या दीपगृहाहून निराळी असते. दिवसाही सुटका नसे. सूर्य वर आला कीं दिव्याच्या खोलीचे पडदे ओढावे लागत. नाहीं तर तेंच भिंग उन्हाचे किरण एकवटून आंत आग लावावयाचें. ज्या मुलांनीं भिंगाखालीं कागद जाळून पाहिला आहे, त्यांना हें अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

हें काम करणाऱ्या माणसाकरितां तें घर. भर समुद्रांतील एकाकी खडकावर दीपगृह असलें तर तेथें बहुधा नुसते पुरुष राहत, कुटुंबें किनाऱ्यावर. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नांवाचा खडक आहे. तेथील एक हकीकत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची म्हणून सांगतात. दोन राखणदार होते, आणि त्यांचें आपसांत पटत नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें. वादळानें वाट बंद असतां त्यांतील एक मरण पावला. प्रेत समुद्रांत सोडलें तर खुनाचा आळ येईल, या भीतीनें दुसऱ्यानें त्याला फळ्यांची पेटी करून ती बाहेर बांधून ठेवली, आणि दिवा मात्र रोज लावीत राहिला. सुटका झाली तेव्हां त्याची मुद्रा इतकी पालटली होती कीं मित्रांनाही तो ओळखूं येईना. तेव्हांपासून अशा जागीं दोहोंऐवजीं तीन माणसें ठेवण्याची वहिवाट पडली.

जेथें कुटुंबास मुभा होती तेथें चित्र निराळें. पगार एका पुरुषाचा, पण राबणारें सारें घर. अमेरिकेंत मेन प्रांताच्या समुद्रांत मॅटिनिकस रॉक म्हणून एक उघडाबोडका खडक आहे. १८५६ च्या जानेवारींत तेथील राखणदार सामानसुमान आणावयास गेला, आणि वादळामुळें सुमारें चार आठवडे त्याला परत येतां आलें नाहीं. मागें आजारी बायको, धाकट्या मुली, आणि सोळा वर्षांची ॲबी. लाटा घरांत शिरूं लागल्या तेव्हां ॲबीनें आईला व बहिणींना मनोऱ्यांत नेऊन बसविलें, मग पाण्यांतून परत जाऊन खुराड्यांतल्या कोंबड्या उचलून आणल्या. आणि त्या चार आठवड्यांत एकही रात्र दिवे विझूं दिले नाहींत. वादळांत होडी घालून बुडत्या माणसांस वांचविणाऱ्या ग्रेस डार्लिंगची १८३८ ची गोष्ट पुष्कळांनीं वाचलेली असते. ती थोर खरी. पण आम्हांला ही कोंबड्या आठवणारी मुलगी अधिक जवळची वाटते. मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस तिच्यासारखी एखादी आत्या किंवा मावशी आठवल्यावांचून राहणार नाहीं.

पुढें वीज आली, यंत्रें आपोआप चालूं लागलीं, आणि माणसाचें काम सरलें. इंग्लंडांतील दीपगृहांचा कारभार ट्रिनिटी हाऊस या जुन्या संस्थेकडे आहे. तिनें आपला शेवटचा राखणदार नॉर्थ फोरलंड येथून २६ नोव्हेंबर १९९८ रोजीं काढून घेतला. दिवा राहिला, बिऱ्हाड उठलें. आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत, ज्या घरांत चूल पेटत नाहीं तें घर फार वर्षें टिकत नाहीं. भाड्यानें देण्याची कल्पना येथून निघाली. तींत हौस असेल, व्यापारही असेल. पण मूळ गरज घर वांचविण्याची होती.

ब्रिस्टलच्या खाडीच्या तोंडाशीं लंडी नांवाचें लहानसें बेट आहे. तेथील जुनें दीपगृह १८१९ चें. तें बेटाच्या माथ्यावर बांधलें, म्हणजे दुरून दिसावें हा हेतु. पण व्हावयाचें उलटेंच झालें: माथ्यावर वारंवार धुकें उतरे, आणि दिवा ढगांत दडून जाई. शेवटीं १८९७ मध्यें बेटाच्या दोन टोकांस, खालच्या उंचीवर, दोन नवे दिवे लावून जुना कायमचा मालविण्यांत आला. आज त्याच राखणदारांच्या खोल्या लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पाहुण्यांस देते. म्हणजे दिवा फसला म्हणूनच घर लाभलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. आयर्लंडांत लूप हेड येथें राखणदाराचें घर असेंच मिळतें. त्याच देशांतील विक्लो हेड येथें तर १७८१ च्या अष्टकोनी मनोऱ्यांतच झोंपावयाचें, आणि स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर, १०९ पायऱ्या चढून! अकरा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या सुनांनीं हा मनोरा पसंत करूं नये. क्रोएशियांत साव्हुद्रिया येथील १८१८ च्या दीपगृहाच्या इमारतींतही पाहुण्यांस खोल्या मिळतात.

या सर्वांत आम्हांला जो प्रकार मनापासून आवडला तो अमेरिकेंतील न्यू डंजनेस येथला. समुद्रांत कांहीं मैल शिरलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर हें दीपगृह आहे. १९९४ सालीं तेथील सरकारी राखणदार गेला, तेव्हां एका मंडळानें ठरविलें कीं, कुटुंबांनीं पाळीपाळीनें आठवडाभर येथें राहावें, त्याबद्दल पैसे भरावे, आणि शिवाय राखणदाराचीं कामें करावीं! पितळ घासावयाचें, गवत कापावयाचें, चालत आलेल्या प्रवाशांना मनोरा दाखवावयाचा. पैसे देऊन वर पितळ घासावयाचें, हें ऐकून आमच्या घरांतील वडील मंडळी हंसली. पण ज्या घराचा सारा घाट कामाभोंवतीं घडलेला आहे, तेथें नुसतें लोळून पडणें हेंच अधिक हास्यास्पद नाहीं काय?

आतां सोवळ्याचें. या बाबतींत आमच्या भगिनींनीं निश्चिंत असावें. विलायतेंतील असल्या घरांत बहुधा खानावळ नसते. चूल, भांडीं आणि किल्ली हातीं देतात, पुढें ज्यानें त्यानें आपलें शिजवून खावें. ज्या आजीबाईंना हॉटेलांत पाण्याचा घोंटही घेववत नाहीं, त्यांना ही रीत उलट सोयीची. शिवाय जुन्या राखणदारांचें जिणें आपल्या चौकटींत बसण्यासारखेंच होतें. महिन्याचा शिधा एकदम भरावयाचा, मोजून काढावयाचा. खडकावर विहीर नाहीं म्हणून छपरावरचें पावसाचें पाणी टांक्यांत सांठवावयाचें, आणि तें पुढल्या पावसापर्यंत पुरवावयाचें. पाणी तांब्यानें मोजून वापरण्याच्या विद्येंत बीडच्या गृहिणीला कोणत्याही दीपगृहाकडून शिकण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं.

राहतां राहिला आपल्या किनाऱ्याचा प्रश्न. आपल्या देशांत १९२७ सालीं दीपगृहांचा कायदा झाला, आणि तो २१ सप्टेंबरचा दिवस दीपगृह-दिन म्हणून पाळतात. त्या कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्यानें घेतली आहे. खुद्द आपल्या किनाऱ्यावर पाहण्याजोगें पुष्कळ आहे. अलिबागेजवळ थळच्या समोर खांदेरी. शिवाजीमहाराजांच्या आरमारानें १६७९ सालीं इंग्रज व सिद्दी या दोघांशीं झुंजून राखलेलें हें बेट. तेथें १८६७ त दीपगृह उभें राहिलें, बेटाला कान्होजी आंग्र्यांचें नांव देण्यांत आलें, आणि २०२५ च्या जुलईंत जागतिक वारशाच्या यादींत ज्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत खांदेरीही आहे. मुंबईस कुलाब्याच्या टोकाशीं प्रॉंग्ज हें १८७५ चें दीपगृह, ओहोटीच्या वेळीं खडकांतून चालत जावें असें. देवगडचें १९१५ चें, जयगडचें १९३२ चें. गोव्यांत आग्वाद किल्ल्यावरील १८६४ चें दीपगृह १९७६ सालीं सेवानिवृत्त झालें, आणि त्याच्या शेजारीं नवें उभें राहिलें. निवतीसमोरील खडकांवरच्या दीपगृहाजवळ, गुहांतून, पाकोळ्यांच्या एका जातीची वस्ती आहे.

परंतु राखणदाराच्या घरांत सर्वसाधारण कुटुंबानें मुक्काम करावा, ही रीत आपल्याकडे अद्याप पडलेली नाहीं. कारण साधें आहे. आपल्या दीपगृहांवर माणूस अजून आहे. दिवा विजेचा झाला, जहाजें उपग्रहांवरून वाट काढूं लागलीं, तरी लहान मचव्यांतल्या कोळ्याला किनारा दाखविणारी ती उघडझांप चालूच आहे, आणि तिच्यापाशीं खात्याचे लोक राहत आहेत. दुसऱ्याच्या राहत्या घरांत भाडेकरू म्हणून कसें शिरावें? सरकारनें मात्र या बाजूस पाऊल टाकलें आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं देशांतील ७५ दीपगृहांवर प्रवाशांकरितां केलेल्या सोयी पंतप्रधानांच्या हस्तें खुल्या करण्यांत आल्या. बगीचे, संग्रहालयें, उपाहारगृहें, मुलांचीं क्रीडांगणें, आणि जागा पाहून राहण्याच्या कुट्या, असें त्या योजनेचें स्वरूप आहे.

येथें आम्हांस थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. बगीचे व्हावेत, उपाहारगृहेंही व्हावीत; त्यांत गैर कांहीं नाहीं. पण उद्यां कोणा दीपगृहावरचा माणूस खरोखरच उठला, तर त्याचें जुनें घर पाडून तेथें नव्या झुळझुळीत कुट्या उभारूं नयेत. तें घर जसें आहे तसें, भिंतीवरच्या पाळीच्या पाटीसह, रात्रीची नोंदवही ठेवण्याच्या मेजासह, अंगणांतल्या टांक्यासह राखावें, आणि शाळामास्तराच्या पगारास झेपेल अशा भाड्यानें कुटुंबास द्यावें. येणाऱ्यानें रोज संध्याकाळीं त्या वहींत वाऱ्याची दिशा आणि दिसलेलीं गलबतें लिहावीं, एवढी अट घातली तरी पुरे. धर्मशाळेलाही आपल्याकडे नियम असतात, आणि कोणी त्याविरुद्ध कुरकुर करीत नाहीं. उलट तेंच घर श्रीमंतांच्या आठवड्याच्या चैनीकरितां सजविलें, तर इमारत टिकेल, घर टिकणार नाहीं.

आमच्या जिल्ह्याला दिव्याच्या मनोऱ्याची ओळख नाहीं असें मुळींच नव्हे. बीडास पूर्वेच्या टेकडीवर खंडोबाच्या देवळापुढें दोन अष्टकोनी दीपमाळा आहेत, सुमारें सत्तर फूट उंच. त्या ज्यानें खालून पाहिल्या आहेत, त्याला दीपगृहाच्या उंचीचें फारसें कौतुक वाटावयाचें नाहीं. पण दोहोंचा निरोप अगदीं उलट आहे. दीपमाळ उजळली म्हणजे पंचक्रोशीला बोलावणें जातें: उत्सव आहे, या. दीपगृहाचा दिवा बहुधा सांगतो कीं येथें खडक आहे, दूर राहा. ज्या घरांतून पिढ्यानपिढ्या परक्यांना दूर राहण्याचा इशारा गेला, त्या घरांत आतां आपण पाहुणे म्हणून जाऊं पाहतों. तेव्हां थोड्या संकोचानेंच जावें हें बरें.

तर यंदा काय करावें? आमची सूचना अशी. अंबाजोगाईहून लातुरास निघालें म्हणजे नागपूर-रत्नागिरी हमरस्ता लागतो. तो तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाटानें थेट रत्नागिरीस उतरतो. योगेश्वरीपासून निघून वाटेंत तुळजाभवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई, दोन्ही दर्शनें घडतात. आजेसासूबाईंना प्रवासाला राजी करण्यास एवढें पुरें आहे. कोल्हापुरांत एक मुक्काम अवश्य करावा. एका दमांत हा रस्ता म्हाताऱ्या माणसाला सोसावयाचा नाहीं. पुढें गणपतिपुळ्यास कोणा घरगुती बिऱ्हाडीं उतरावें, जेथें चूल आपली आपल्याला वापरूं देतात. देऊळ अगदीं समुद्रावर आहे, त्यामुळें पहिलें समुद्रदर्शन प्रदक्षिणेंतच होऊन जाईल. तेथून जयगड जवळ. दीपगृह पाहावयाच्या वेळा बहुधा दुपारनंतरच्या असतात, त्या आधीं विचारून घ्याव्या. मुलांनीं आणि गुडघे शाबूत असलेल्यांनीं वर चढावें. आजेसासूबाईंनीं जवळच्या कऱ्हाटेश्वराच्या देवळांत बसावें. खरी मौज मात्र खालीं उतरून आल्यावर आहे. अंधार पडूं लागला, दिवा सुरू झाला, कीं मुलांनीं घड्याळ हातीं घेऊन एका झळाळीपासून तिच्या पुढच्या फेऱ्यापर्यंत किती सेकंद गेले तें मोजावें. दोनतीनदां मोजलें कीं आंकडा पक्का होतो. तोच त्या दीपगृहाचा नांवगांव.

बीड शहराकडील वाचकांस खांदेरी अधिक सोयीची. बीडहून अहिल्यानगरास आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं सुरू झाली आहे. पुढें पुणें आणि तेथून अलिबाग. थळहून होडीनें बेटावर जातां येतें. मात्र परवानगीची आणि भरतीओहोटीची चौकशी केल्याशिवाय लहान मुलें घेऊन निघूं नये, आणि पावसाळ्यांत तर तो विचारही करूं नये. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, आणि ठोकला असतां धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे; मुलें बहुधा मनोऱ्यापेक्षां त्यालाच अधिक वेळ देतील.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरांत दीपगृहावर नोकरी केलेले वडील, चुलते किंवा सासरे असतील, तर त्यांच्या बिऱ्हाडाची हकीकत आम्हांस लिहून पाठवावी: पाणी कोठून येई, मुलें शाळेस कोठें जात, रात्रपाळीच्या दिवशीं घरांत बोलणें कसें हलक्या आवाजांत चाले, किराणा किती दिवसांनीं भरला जाई. पुढील अंकांतून ती छापूं.